गावच्या लाईनवर टिकेल असा अॅम्प्लिफायर : किटची जोडणी आणि वायरिंग

बोरकाठ (मूळ लेख)

अॅम्प्लिफायरचे किट घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला सर्वांत आधी विचारतो, ते किती वॅटचे आहे. खेड्यात राहणाऱ्याने त्याच्याही आधी एक गोष्ट तपासून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे, आणि ती म्हणजे आपल्याकडच्या लाईनचे व्होल्टेज दिवसभरात कुठून कुठवर जाते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी समाजमंदिरात रोज सायंकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते आणि तिच्यानंतर खंजिरी भजन. तिथल्यासाठी टीडीए २०३०ए या आयसीचे (आवाज वाढवणाऱ्या चिपचे) दोन चॅनेलचे, म्हणजे दोन स्पीकर वेगवेगळे चालवणारे, किट जोडले. त्या वेळी केलेली मोजमापे आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण इथे सविस्तर मांडतो. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी भर घालावी.

समाजमंदिरातल्या सॉकेटवर वेगवेगळ्या वेळी मल्टिमीटर लावला, तर ओलिताच्या दिवसांत शेतीपंप चालू असताना व्होल्टेज १८० च्या आसपास उतरते आणि रात्री पंप बंद झाले, गाव झोपले, की २५० च्या पुढे जाते. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२-०-१२ (मधल्या वायरच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट) हे आकडे मात्र २३० व्होल्टला आणि पूर्ण लोडवर खरे असतात. १२ व्होल्ट एसी ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि ते डीसी सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर यांतून गेल्यावर १.४१४ पट होतात. त्यातून डायोडचे ०.७ व्होल्ट वजा केले की प्रत्येक बाजूला सुमारे १६ व्होल्ट डीसी उरतात. हा झाला पुस्तकी हिशेब. आता लाईन २५५ वर आहे आणि भजन संपल्यावर अॅम्प्लिफायर नुसताच चालू राहिला आहे, असे धरा. लोड नसलेला लहान ट्रान्सफॉर्मर छापलेल्या आकड्यापेक्षा दहाएक टक्के जास्त देतो, लाईन स्वतः अकरा टक्के वर असते, आणि ते १६ व्होल्ट २० पर्यंत चढतात. साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा प्रत्येक बाजूला १८ व्होल्ट आहे आणि २०३०ए ची २२ व्होल्ट. त्यामुळे साधा २०३० लावलेले किट दुकानात उत्तम वाजते आणि खेड्यात आणल्यावर एखाद्या रात्री कोणी हात न लावताही जाते. आयसीवरचा क्रमांक भिंगाखाली धरून वाचावा. साधा २०३० च हाती असेल तर ट्रान्सफॉर्मर ९-०-९ चा घ्यावा. किटमधले फिल्टर कंडेन्सर २५ व्होल्टचे असतील तर तेही बदलून ३५ व्होल्टचे, ४७०० मायक्रोफॅराडचे लावावेत.

कमी व्होल्टेजची मात्र एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. लाईन १८० वर आली की प्रत्येक बाजूला साडेबारा व्होल्ट मिळतात आणि ८ ओमच्या स्पीकरवर १२ वॅटऐवजी ७ वॅट निघतात. ही घट अडीच डेसिबलच्याही आत आहे आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या ती सहसा लक्षातही येत नाही. म्हणून ‘संध्याकाळी आवाज कमी पडतो’ म्हणून वरच्या व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर बसवणे हा घातक उपाय आहे. १२-०-१२, ३ अँपिअरचा तांब्याच्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर दोन चॅनेलना पुरतो. त्याच्या प्रायमरीला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सहन करणारा) फ्यूज फेजच्या वायरवर, स्विचच्याही आधी बसवावा.

सोल्डरिंगबद्दल फार लिहीत नाही. आधी रेझिस्टर, मग डायोड, मग कंडेन्सर आणि सर्वांत शेवटी आयसी, हा क्रम पाळावा. कंडेन्सरच्या अंगावरचा पट्टा मायनसची बाजू दाखवतो आणि तो उलटा बसला तर फुटतो, एवढे ध्यानात असले तरी पुष्कळ झाले.

हीटसिंकचा, म्हणजे आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याचा, प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे, कारण किटबरोबर येणारा हीटसिंक आपला मे महिना डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला नसतो. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या पेटीत सहज ५५ होतात. ±१६ व्होल्टवर ८ ओमचा स्पीकर लावला तर एका आयसीत जास्तीत जास्त साडेसहा वॅट उष्णता निर्माण होते. ४ ओमचा लावला तर तेरा. आयसीच्या आतल्या भागापासून हीटसिंकपर्यंत, मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट धरून, प्रत्येक वॅटमागे सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. आतले तापमान १२५ च्या वर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले, तर दोन आयसींच्या सामाईक हीटसिंकने ८ ओमसाठी प्रत्येक वॅटमागे ३.४ अंशांपेक्षा जास्त तापून चालत नाही. हा हीटसिंक तळहाताएवढा होतो आणि सहज मिळतो. ४ ओमसाठी तोच आकडा ०.७ वर येतो, म्हणजे हीटसिंक पेटीएवढाच मोठा लागतो. या एका कारणासाठी मी ८ ओमचेच स्पीकर घेतले. पंख्याचा पर्याय आहे, परंतु कापसाच्या हंगामात त्याच्या जाळीत सरकीचे तंतू आणि धूळ बसते, तेव्हा त्याच्या भरवशावर हिशेब करू नये. या आयसीची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते, म्हणून मायका आणि स्क्रूचा प्लॅस्टिक बुश वगळता येत नाही. ते बसवल्यावर आयसीची पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटरची बीप वाजत नाही याची खात्री करून घ्यावी.

आता वायरिंग. माझ्या मते अॅम्प्लिफायर चांगला की वाईट हे इथे ठरते. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर आणि दोन फिल्टर कंडेन्सर जिथे एकत्र येतात, त्या तुकड्यातून सेकंदाला शंभर वेळा मोठ्या करंटचे झटके जात असतात. इनपुटची किंवा स्पीकरची ग्राउंड वायर त्या तुकड्याला मध्येच कुठेतरी जोडली, तर ते झटके गाण्यात मिसळतात आणि स्पीकरमधून घर्र ऐकू येते. म्हणून दोन्ही कंडेन्सर आधी एकमेकांना जाड वायरने जोडावेत, त्यांच्यापासून थोडी पुढे एक जागा ठरवावी आणि बोर्डाचे ग्राउंड, दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायरी व पेटीकडे जाणारी वायर अशा सगळ्या वेगवेगळ्या त्याच एका जागी आणाव्यात. ट्रान्सफॉर्मरच्या एसी वायरी एकमेकींना पीळ देऊन पेटीच्या कडेने न्याव्यात. इनपुटची वायर शिल्डेड (तारेच्या जाळीचे आवरण असलेली) असावी आणि व्हॉल्यूमच्या पॉटचे धातूचे अंगही ग्राउंडला जोडलेले असावे, नाहीतर बटणाला हात लावताच आवाज बदलतो.

पहिल्यांदा लाईन देताना ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. एलईडी बल्बने हे काम होत नाही. आधी बोर्ड न जोडता फक्त सप्लाय चालू करावा. कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. तो तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे भरले की बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्यावर बोर्ड जोडावा आणि स्पीकर न लावता आउटपुटवर डीसी मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावावा. तिथे दहा-पंधरा व्होल्ट दिसत असतील, तर स्पीकरची कॉइल काही सेकंदांत जळते.

पऱ्हाटी

भाऊ, लेख अतिशय उपयुक्त आहे. माझी एक शंका आहे. आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला सगळे जण ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोडीचा बोर्ड घेतात आणि त्यावर दोनशे वॅट लिहिलेले असते. पोळ्याला आणि गणपतीला १२ वॅट कसे पुरणार? थेट तोच बोर्ड का घेऊ नये?

बोरकाठ

पऱ्हाटी भाऊ, ती जोडी उत्तमच आहे, पण वॅट बोर्डावरच्या छपाईतून येत नाहीत, ते ट्रान्सफॉर्मरमधून येतात. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर लावला तर प्रत्येक बाजूला ३३ व्होल्ट मिळतात आणि ८ ओमवर एका जोडीकडून पंचावन्न वॅटच्या आसपास निघतात. १२ वॅटवरून पंचावन्नवर गेल्याने आवाज साडेसहा डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पटही वाटत नाही, कारण दुप्पट वाटण्यासाठी दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्याऐवजी स्पीकर निवडताना त्याची सेन्सिटिव्हिटी पाहावी. एक वॅटला ८८ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९५ देणारा लावला, तर त्याच १२ वॅटमध्ये तेवढाच फरक मिळतो आणि हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज असे काहीही बदलावे लागत नाही. उघड्या मैदानातल्या कार्यक्रमासाठी मोठा बोर्ड लागेल हे मान्य आहे. तसा घेताना त्या ट्रान्झिस्टरच्या नकली जोड्या बाजारात फार आहेत हे लक्षात ठेवावे आणि ओळखीच्या, परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावे.

वैनगंगाकाठ

मी भंडारा जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांकडून हे किट जोडून घ्यावे असा विचार आहे. आपण ‘कंडेन्सर रिकामे झाल्यावर’ असे लिहिले आहे, परंतु ते रिकामे झाले हे मुलांना कसे कळावे? आणि २३० व्होल्टचा भाग मुलांच्या हाती द्यावा का, याबद्दलही आपले मत हवे आहे.

बोरकाठ

ताई, दोन्ही प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. प्रत्येक फिल्टर कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये २.२ किलोओमचा, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाकावा. ४७०० मायक्रोफॅराडचा कंडेन्सर त्यातून मिनिटभरात जवळजवळ रिकामा होतो. तरीही हात लावण्यापूर्वी मीटरने पाहण्याची सवय मुलांना लावावी.

लाईनचा भाग मुलांच्या हाती देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, स्विच आणि तीन पिनांची वायर ही सगळी एका बंद पेटीत आपण स्वतः किंवा वायरमनकडून बसवून घ्यावीत आणि मुलांना फक्त १२-०-१२ च्या तीन वायरी बाहेर द्याव्यात. याहून सोपे हवे असेल तर एलए ४४४० चे किट घ्यावे. ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, दोन्ही बाजूंना मिळून बारा वॅटच्या आसपास देते आणि लाईनचा संबंधच येत नाही.

पूर्णाखोरे

लेखात अर्थिंगचा विषय राहिला आहे, म्हणून लिहितो. आमच्या खारपाणपट्ट्यात मी वायरमनचे काम करतो. अॅम्प्लिफायरमध्ये घूं असा आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी पिनच कापून टाकलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ते पाहून जीव घाबरतो. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर पत्र्याच्या पेटीवर, तिथून मायक्रोफोनच्या जाळीवर, आणि तिथून भजन म्हणणाऱ्याच्या ओठांवर थेट लाईन येते. पावसाळ्यात जमीन ओली आणि माणूस अनवाणी बसलेला असतो.

तिसरी पिन पेटीच्या पत्र्याला वेगळ्या बोल्टने, रंग खरवडून आणि दातेरी वॉशर घालून जोडावी. त्या बोल्टवर दुसरे काही जोडू नये. आवाज घालवायचा असेल तर आतल्या सर्किटचे ग्राउंड आणि पेटी यांच्यामध्ये १० ओमचा रेझिस्टर घालावा, आणि त्याला समांतर दोन मोठे डायोड एकमेकांच्या उलट दिशेने जोडावेत. रेझिस्टर घूं आवाजाचा करंट अडवतो आणि खरोखरची लाईन आली तर डायोड तिला अर्थिंगकडे जाऊ देतात, त्यामुळे फ्यूज उडतो.

पण हे सगळे जमिनीतले अर्थिंग जिवंत असेल तरच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवती पोकळी पडते. खारपाणपट्ट्यात सळई मिठाने गंजते ती वेगळीच. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि दर वर्षी खड्डा उकरून सळईचा क्लॅम्प पाहावा. मीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसले म्हणजे अर्थिंग चांगले, असे समजू नये, कारण मीटरला नगण्य करंट लागतो आणि अर्धी गंजलेली सळईही तो देते. अर्थ टेस्टर आणून तपासून घ्यावे आणि समाजमंदिराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती होताच लाईन तोडणारा स्विच) बसवावी.

बोरकाठ

पूर्णाखोरे भाऊ, मनापासून आभार. लेखातल्या ‘पेटीकडे जाणारी वायर’ या शब्दांपाशी आपली ही रेझिस्टर-डायोडची जोडणी आहे असे सर्वांनी वाचावे. डायोड निदान ५ ते १० अँपिअरचे असावेत, म्हणजे फ्यूज उडेपर्यंत ते तग धरतील. २५ अँपिअरचा तयार ब्रिज, प्लस-मायनस एकत्र जोडून, या कामाला फार चांगला.

झाडीवाला

गडचिरोलीकडे धान निघाल्यावर नाटकांचे दिवस सुरू होतात, त्या वेळी मंडपाबाहेर एक भोंगा लावावा लागतो. तो मंचापासून ५० मीटरवर असतो. या किटवर तो चालेल का? वायर कोणती घ्यावी?

बोरकाठ

भोंग्याचे युनिट १६ ओमचे असेल तर हा अॅम्प्लिफायर त्याला सहा वॅट देईल, आणि भोंग्याची सेन्सिटिव्हिटी साध्या स्पीकरपेक्षा इतकी जास्त असते की संवाद ऐकू जाण्यासाठी सहा वॅट पुरतात. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाण्या-येण्याचा १०० मीटरचा रोध १.८ ओम होतो. १६ ओमच्या युनिटपुढे ते चालून जाते. ८ ओमचा स्पीकर तेवढ्या अंतरावर न्यायचा असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. भोंग्याच्या सिरीजमध्ये ३३ मायक्रोफॅराडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेला) कंडेन्सर अवश्य लावावा. त्याने सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडतो. ढोलकीच्या खालच्या थापेने युनिटचा पडदा फाटतो, तो त्यामुळे वाचतो. भोंगा जुन्या पद्धतीच्या १०० व्होल्ट लाईनचा असेल, म्हणजे त्याच्या पाठीशी लहान ट्रान्सफॉर्मर असेल, तर तो इथे चालणार नाही. आणखी एक : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही, आणि झाडीपट्टीतली नाटके तर रात्रभर चालतात. तेव्हा दहाला भोंगा बंद करता येईल, असा वेगळा स्विच ठेवावा.

पऱ्हाटी

किट जोडून झाले. बल्ब मंदावला, आउटपुटवर १८ मिलिव्होल्ट आले. मोबाईल लावला तर सुरेख वाजते, परंतु मायक्रोफोन लावला तर कान स्पीकरला लावल्यावर जेमतेम ऐकू येते. आयसी नकली असेल का?

बोरकाठ

नाही भाऊ, आयसी ठीक आहे. या किटमध्ये २२ किलोओम आणि ६८० ओमचे रेझिस्टर आवाज ३३ पट वाढवतात. १२ वॅटसाठी ८ ओमवर सुमारे १० व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला ०.३ व्होल्ट हवेत. मोबाईल तेवढे सहज देतो. तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक मायक्रोफोन दोन-तीन मिलिव्होल्ट देतो. मध्ये शंभर पट वाढवणारा प्रीअॅम्प हवा. ४५५८ किंवा एनई ५५३२ या आयसीचे लहान किट मिळते. त्याला प्लस-मायनस सप्लाय याच ट्रान्सफॉर्मरवरून रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी) लावून द्यावा. प्रीअॅम्प पेटीत ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध कोपऱ्यात बसवावा, कारण शंभर पट वाढणाऱ्या जागी ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा घूं आवाजही शंभर पट वाढतो.

कळंबकर

हाच प्रीअॅम्प मी ७८१२ (प्लस १२ व्होल्टचा) आणि ७९१२ (मायनस १२ व्होल्टचा) रेग्युलेटर लावून चालवतो. सकाळी आवाज आरशासारखा स्वच्छ असतो. सायंकाळी सहानंतर घर्र सुरू होते आणि रात्री उशिरा ती आपोआप थांबते. ग्राउंडची जोडणी लेखाप्रमाणेच केली आहे. इनपुट शॉर्ट केले तरी सायंकाळची घर्र तशीच राहते. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर कारण असेल का?

बोरकाठ

इनपुट शॉर्ट करूनही आवाज राहतो, म्हणजे तो बाहेरून येत नाही. वेळ पाहता मला लाईनचे व्होल्टेज कारण वाटते. ७८१२ ला १२ व्होल्ट देण्यासाठी आत येताना निदान १४ हवेत. लाईन १८० ला असताना आपल्या सप्लायमध्ये साडेबाराच असतात आणि भजन रंगात आले की फिल्टर कंडेन्सरवर एक-दोन व्होल्टची लाट त्यावर असते. रेग्युलेटरला नियंत्रण करायला जागाच उरत नाही, म्हणून ती शंभर हर्ट्झची लाट तो जशीच्या तशी प्रीअॅम्पला देतो. सायंकाळी घर्र चालू असताना दोन्ही रेग्युलेटरच्या आत आणि बाहेर डीसी मोजून कृपया इथे लिहावे.

कळंबकर

मोजले. आत १२.८ आणि १२.७, बाहेर ११ च्या आसपास, आणि भजनाच्या ठेक्याबरोबर आकडा हलतो. त्याच वेळी सॉकेटवर १८३ होते.

बोरकाठ

मग निदान पक्के झाले. दोन्ही रेग्युलेटर काढून ७८०९ आणि ७९०९ लावावेत. ४५५८ ला प्लस-मायनस ९ व्होल्ट पुरेसे आहेत, कारण प्रीअॅम्पकडून आपल्याला ०.३ व्होल्टच हवे आहेत. आवाज किंचितही कमी होणार नाही. बदलताना एवढे सांभाळावे की ७८०९ च्या पिना डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा असतात आणि ७९०९ च्या ग्राउंड, इनपुट, आउटपुट अशा. ७९०९ ची पाठ मायनस इनपुटला जोडलेली असते, म्हणून त्याच्याखाली मायका घालावा किंवा तो पेटीच्या पत्र्यापासून दूर, मोकळाच उभा ठेवावा. एवढ्या कमी करंटला त्याला हीटसिंकची गरज नाही.